नाशिकच्या थंडीसाठी जाड दुलई: कापसाची रजई आणि मायक्रोफायबरचा कम्फर्टर

पठारावरची थंडी ही मुख्यतः पहाटेची थंडी असते. नाशिकला जानेवारीत दुपारी अर्ध्या बाह्यांचा सदरा पुरतो, रात्री दहा-अकरा वाजता खोलीत जेमतेम गारवा असतो आणि चारनंतर सूर्योदयापर्यंत मात्र हुडहुडी भरते. जवळच्या निफाडला तर काही वर्षी पारा पाच अंशांच्याही खाली उतरतो आणि द्राक्षबागायतदारांना पहाटे बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. त्यामुळे येथे जाड पांघरूण निवडताना केवळ ‘ऊब किती’ एवढे पाहून भागत नाही. झोपताना ज्याखाली घाम फुटणार नाही आणि पहाटे ज्याखाली पाय पोटाशी घ्यावे लागणार नाहीत, असे एकच पांघरूण हवे असते. आमच्या घरात वापरात असलेल्या दोन दुलयांकडे मी याच कसोटीवर पाहते आहे. एक ऑनलाइन मागवलेला मायक्रोफायबरचा, म्हणजे पॉलिएस्टरच्या अतिशय बारीक तंतूंचा, कम्फर्टर आणि दुसरी भद्रकाली परिसरातल्या एका गादीवाल्यांकडून भरून घेतलेली कापसाची रजई. माप दोन्हींचे सारखेच, ९० × १०० इंच.

कम्फर्टर आला तेव्हा पिशवीतून बाहेर काढताच चांगला फुगला आणि दिसायला भरदार वाटला. वेष्टनावर ‘३०० जीएसएम’ असे ठळक छापले होते. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम, आणि जाड दुलईच्या बाबतीत हा आकडा आतल्या भरणाचा असावा अशी ग्राहकाची समजूत असते. ९० × १०० इंच म्हणजे सुमारे ५.८ चौरस मीटर. त्या हिशेबाने आतील भरणच पावणेदोन किलोच्या घरात जायला हवे आणि वरखालचे कापड धरले तर एकूण वजन अडीच किलोंच्या पुढे. सामान तोलण्याच्या हुकाच्या काट्याला लावल्यावर अख्खा कम्फर्टर १ किलो ७०० ग्रॅम भरला. म्हणजे कापड आणि भरण मिळून ३०० जीएसएम, आणि प्रत्यक्ष भरण त्याहून बरेच कमी. विक्रेत्याकडे विचारणा केली तेव्हा ‘उत्पादन वर्णनाप्रमाणेच आहे’ एवढेच साचेबद्ध उत्तर मिळाले, आणि वर्णनात भरण की एकूण याचा उल्लेखच नसल्याने पुढे वाद घालण्यात अर्थ राहिला नाही. ऑनलाइन दुलई मागवणाऱ्यांनी म्हणूनच जीएसएमबरोबर एकूण वजन किलोत दिले आहे का हे पाहावे, आणि दिले नसेल तर विकत घेण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे.

ब्रिटनमध्ये दुलईच्या वेष्टनावर ‘टॉग’ हा आकडा असतो. तो भरणाचे वजन सांगत नाही, तर तयार दुलई शरीराची उष्णता किती अडवते हे सांगतो. उन्हाळ्यासाठी साडेचार किंवा त्याहून कमी आणि कडक हिवाळ्यासाठी साडेतेरा, असा साधारण हिशेब. ग्राहकाच्या दृष्टीने हे मोजमाप जास्त प्रामाणिक आहे, कारण ऊब वजनाने येत नाही, तंतूंमध्ये अडकून राहिलेल्या हवेने येते. आपल्याकडच्या वेष्टनांवर ते सहसा आढळत नाही, त्यामुळे वजन, शिवण आणि हाताचा अंदाज यांवरच भिस्त ठेवावी लागते.

हवा अडकवण्याच्या कामात पॉलिएस्टरचे पोकळ तंतू कमी पडत नाहीत. कमी वजनात ते लवकर ऊब देतात, आणि आमचा हलका निघालेला कम्फर्टरही डिसेंबरच्या मध्यापर्यंत पुरेसा होता. अडचण येते ती घामाची. कापूस हवेतली आणि शरीराची ओल स्वतःत सामावून घेतो. प्रमाणित, म्हणजे मोजणीसाठी ठरवून दिलेल्या तापमानाच्या आणि आर्द्रतेच्या, हवेत त्याच्यात आठ टक्क्यांच्या आसपास ओलावा असतो, तर पॉलिएस्टरमध्ये अर्धा टक्काही नसतो. याचा अनुभव मध्यरात्री येतो: मानेखाली आणि पाठीशी दमटपणा जाणवतो, झोपेतच पांघरूण बाजूला सारले जाते आणि पहाटे जाग येते ती थंडीने. वरचे कापडही पॉलिएस्टरचे असेल तर हा त्रास वाढतो. मायक्रोफायबरच घ्यायचे असेल, तर निदान वरची खोळ सुती असलेले घ्यावे किंवा त्याला सुती खोळ घालावी, असे माझे ठाम मत आहे.

शिवणीकडे फार कमी लोक पाहतात. आमच्या कम्फर्टरवर आरपार शिवलेले मोठे चौकोन आहेत, आणि जेथून शिवण जाते तेथे वरचे आणि खालचे कापड एकमेकांना टेकते, मध्ये भरण राहतच नाही. दुलई ट्यूबलाइटसमोर धरली की या रेषा उजळ दिसतात. पहाटेचा गारठा तेथूनच आत येतो. शिवाय चौकोन मोठे असल्याने दोन-तीन धुण्यांनंतर भरण एका कोपऱ्यात गोळा होऊ लागले. चौकोन लहान असणे, किंवा महागड्या दुलयांत असते तशी दोन कापडांच्या मध्ये उभी पट्टी लावलेली असणे, हे कापडाच्या रंगापेक्षा कितीतरी महत्त्वाचे आहे.

आता रजईकडे वळते, कारण खरे सांगण्यासारखे तिच्याबद्दलच आहे. गादीवाल्यांकडे रुईचे दोन-तीन प्रकार असतात आणि ते न विचारता सगळे सांगतीलच असे नाही. सर्वांत स्वस्त म्हणजे सूतगिरणीतून निघालेला टाकाऊ कापूस. तो धुळकट असतो आणि एकाच हंगामात चपटा होतो. लांब धाग्याच्या कापसाची रजईला गरज नसते. आखूड, जाड धाग्याचा देशी कापूस सुतासाठी हलक्या प्रतीचा समजला जातो, पण रजईत तोच उत्तम, कारण त्याचे तंतू ताठ असतात आणि दाबले तरी पुन्हा फुगतात. मूठभर रुई घट्ट दाबून सोडावी. ती लगेच उमलली, तळहातावर धूळ राहिली नाही आणि सरकीची टरफले दिसली नाहीत, तर माल चांगला. मी चार किलो भरायला सांगितले होते. “ताई, तीनच भरा. चार किलोत कूस बदलताना जीव जाईल,” असे गादीवाले म्हणाले आणि जास्तीच्या किलोचे पैसे सोडून दिले. अशा दुकानदाराबद्दल आदर वाटल्यावाचून राहत नाही.

भरण्याचे काम समोर उभे राहून पाहावे. यंत्रावर पिंजलेली रुई उलट्या केलेल्या खोळीवर सारख्या थराने पसरली जाते, मग खोळ आणि रुई एकत्र वळकटीसारखी गुंडाळून तोंडाकडून उलटवली जाते आणि वळकटी उलगडली की रुई आपोआप आत गेलेली असते. त्यानंतर वरून वेताच्या छडीने झोडपून जाड-पातळ भाग एकसारखे करतात आणि लांब सुईने हाताने टाके घालतात. या टाक्यांचे अंतर वीतभरापेक्षा जास्त ठेवू देऊ नये. आमच्या रजईत पायथ्याकडच्या दोन ओळी सैल पडल्या आहेत आणि तेथे रुई थोडी सरकली आहे. कामात खोट काढायची झाली तर एवढीच.

वापरात ही रजई कम्फर्टरपेक्षा सरस ठरली. अंगावर घेतल्यावर पहिली पाच-दहा मिनिटे ती गार लागते, ज्यांना झटपट ऊब हवी त्यांना हे आवडणार नाही. पण एकदा तापली की पहाटेपर्यंत ऊब टिकते आणि घामही येत नाही. वजन जाणवते हे मान्य करावे लागेल. मला ते आवडते, माझ्या सासूबाईंना मात्र गुडघ्यांवर भार वाटतो, म्हणून त्यांच्यासाठी दीड किलोची सिंगल रजई वेगळी भरून घेतली.

मापाविषयी थोडेसे. सहा फूट रुंदीच्या पलंगावर ९० इंचांची दुलई घातली की दोन्ही बाजूंना फक्त नऊ इंच उरतात आणि जाड गादी असेल तर तेही तिच्या कडेवरच संपतात. दोघांत ओढाओढ ठरलेली. एक तर १०० × १०८ घ्यावी, नाही तर जर्मनीत सर्रास करतात त्याप्रमाणे दोघांना दोन सिंगल दुलया घ्याव्यात. कमी-जास्त थंडी वाजणाऱ्या जोडप्यांसाठी दुसरा मार्ग अधिक शहाणपणाचा. बदकाच्या किंवा हंसाच्या मऊ पिसांच्या दुलया हलक्या आणि अतिशय उबदार असतात, पण ओल धरली की पिसे बसतात आणि ऊब जाते. आपल्या पावसाळ्यातून त्या नीट सांभाळणे कठीण आहे, आणि किंमत पाहता मी त्यांच्या वाटेला जाणार नाही. मुंबई-कोकणात तर जाड दुलईची गरजच नाही. तेथे सोलापुरी चादर किंवा फार तर पातळ जयपुरी रजई पुष्कळ झाली.

निगा राखण्यात कम्फर्टर पुढे आहे. आठ किलोंच्या फ्रंट लोड यंत्रात तो बसतो, सौम्य फिरकीवर धुता येतो आणि एका उन्हात वाळतो. कापसाची रजई पाण्यात घालायची नसते. तिला वेगळी सुती खोळ चढवून फक्त खोळ धुवावी, आणि महिन्यातून एकदा रजईला दोन्ही बाजूंनी कडक ऊन दाखवावे. पावसाळ्याआधी ती पूर्ण वाळवून, घडीत कडुनिंबाचा पाला ठेवून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली तर कुबट वास येत नाही. हवा काढून चपट्या करण्याच्या प्लास्टिक पिशव्या रजईसाठी वापरू नयेत, रुई दबून बसते. काही वर्षांनी रुई बसलीच, तर तीच रुई पुन्हा पिंजून त्याच खोळीत भरता येते, त्याला मजुरीपलीकडे फारसा खर्च येत नाही. गोळे झालेला कम्फर्टर मात्र दुरुस्त होत नाही.

खर्च दोन्हींचा जवळपास सारखा आला: कम्फर्टर दोन हजारांच्या आत, रजई खोळीसह अडीच हजारांच्या आसपास. फरक असा की भरून घेतलेली रजई परत करता येत नाही, म्हणून रुई आणि वजन आधीच पक्के करावे, आणि शक्यतो दिवाळीपूर्वीच सांगावे; थंडी पडल्यावर गादीवाल्यांकडे रांग लागते आणि टाके घाईत पडतात. घरात दम्याचा किंवा धुळीच्या ॲलर्जीचा रुग्ण असेल, तर माझा सल्ला उलट आहे. धुळीतले सूक्ष्म कीटक मारण्यासाठी साठ अंशांच्या पाण्यात धुणे लागते आणि ते रजईला सोसत नाही; अशा घरी लेबलावर साठ अंशांची परवानगी असलेला, लहान चौकोनांचा आणि वजन तपासून घेतलेला मायक्रोफायबरचा कम्फर्टरच घ्यावा.