व्होल्टेज न मोजताच उतरवलेला अल्टरनेटर

गेल्या एप्रिलमध्ये देवगडहून हापूसच्या साठ पेट्या भरून वाशीला निघालो होतो. राजापूर सोडल्यावर मीटरमधला बॅटरीचा लाल दिवा लागला आणि हेडलाइट मंद होऊ लागले. माल पहाटेपर्यंत बाजारात पोहोचवायचा असल्याने महामार्गालगत जे पहिले गॅरेज उघडे दिसले, तिथेच गाडी घातली.

तिथल्या मिस्त्रीने बॉनेट उघडून बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरला (बोलीत डायनॅमो) नुसता हात लावला आणि सांगितले, "काका, डायनॅमो जळलाय, उतरवावाच लागेल." मल्टीमीटर त्याने बाहेर काढलाच नाही, आणि घाईपायी मीही तो मागितला नाही. इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत; अल्टरनेटरच्या मागच्या नटावर तेवढे मिळून बॅटरीवर मात्र कमी मिळत असतील, तर दोष बहुधा वायरीत असतो. आमच्या खाऱ्या हवेत थिंबलवर, म्हणजे वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीवर, हिरवट थर चढतो, हे मला ठाऊक असायला हवे होते.

बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून, बेल्ट सैल करून, मागे जोडलेल्या, ब्रेक हलका ठेवणाऱ्या व्हॅक्यूम पंपाचे ऑइल पाइप काढून त्याने अल्टरनेटर उतरवला व शेडमागे नेला. मी चहाला गेलो, तेवढ्यात चकचकीत रुपेरी रंगाचा "नवा" बसलेला होता. त्याचे साडेआठ हजार घेतले. जुना परत मागितल्यावर "एक्स्चेंजमध्ये धरला" असे उत्तर मिळाले आणि बिल म्हणून वहीचा चिठोरा हातात पडला.

पंधरा दिवसांत बेअरिंग घरघरू लागले, पंपातून ऑइल गळू लागले आणि ब्रेक जड झाला. भरलेली गाडी घाटातून उतरवताना हे झाले असते, तर काय ओढवले असते याचा विचार आजही सोडत नाही. देवगडच्या आमच्या इलेक्ट्रिशियनने तो अल्टरनेटर उघडला, तेव्हा आतले कार्बनचे ब्रश झिजून नखाएवढे उरले होते आणि पेट्रोलच्या फडक्याने पुसताच रंगाखाली गंज दिसला. मुख्य वायरीचा थिंबल मात्र कोरा करकरीत होता. खरा दोष तिथेच असावा. तो गुपचूप दुरुस्त करून माझा चांगला अल्टरनेटर काढून घेतला गेला, याबद्दल आम्हा दोघांनाही शंका उरली नाही.

चिठोऱ्यावर दुकानाचे नावसुद्धा नसल्याने ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार करण्याइतका पुरावा माझ्याकडे नव्हता. आता बसवलेल्या अल्टरनेटरच्या कवचावर मी गाडीच्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे कोरून घेतले आहेत आणि मल्टीमीटर डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवला आहे.