फ्लॅमेंको गिटार: घरी व्हिडिओवरून, सेव्हिलला की हेरेसला?

गिटार थोडीफार येते आणि आता फ्लॅमेंकोच शिकायचंय असं ठरलं असेल, तर घरी बसून शिकू का सरळ स्पेन गाठू, आणि गेलोच तर दक्षिणेकडच्या अंदलुसियातल्या सेव्हिल शहरात की हेरेसमध्ये, हा प्रश्न येतोच.

घरचा रस्ता स्वस्त, आणि उजव्या हाताच्या कामाला तो पुरतो. रासगेआदो (बोटांनी तारा झटकणं), पिकादो (दोन बोटांनी आळीपाळीने एकेक सूर), आल्सापुआ (अंगठ्याचे खाली-वर फटके) हे मेट्रोनोम लावून रोज घोटायचं असतं, त्याला अंदलुसिया लागत नाही. अडतं ते कोम्पासला, म्हणजे फ्लॅमेंकोच्या तालचक्राला. सोलेआ हा त्यातला एक प्रकार 12 मात्रांचा, जोर 3, 6, 8, 10 आणि 12 वर, फ्रेज येऊन टेकते 10 वर, आणि एकतालाची सवय असलेला आपला माणूस पहिल्या मात्रेवर सम शोधत बसतो जिथे काहीच नसतं. आकडे पाठ होतात हो, पण शेजारी कोणीतरी पाल्मास म्हणजे टाळ्या धरल्याशिवाय ते अंगात उतरत नाही, आणि नुसते सोलो पीस बसवत राहिलात तर गाणाऱ्यामागे दोन मिनिटं टिकणं अवघड जातं. पाको दे लुसियासारखा नावाजलेला गिटारवादकसुद्धा वर्षानुवर्षं कामारोन या गायकाच्या गाण्यामागे बसलाय.

सेव्हिल बाहेरच्या माणसाला सोपं. क्रिस्तिना हीरेन फाउंडेशनसारख्या ठिकाणी गाणं, नाच, गिटार तिन्ही शिकवतात, आणि डान्स क्लासला साथ करायला मिळाली तर सोडू नका. डान्सरने यामादा म्हणजे पावलांनी इशारा दिला की तुम्ही त्याच क्षणी हातातली फाल्सेता (गिटारचा सुरेल तुकडा) आवरून तिच्याबरोबर थांबायचं, हे व्हिडिओ कसं शिकवणार?

हेरेस छोटं आणि जास्त अवघड. सांतियागो, सान मिगेल या वस्त्यांमधल्या हितानो म्हणजे जिप्सी घराण्यांची बुलेरिया (फ्लॅमेंकोचा जलद प्रकार), मोराइतो या इथल्या गिटारवादकासारखा अंगठ्याचा बाज, सगळं घरातून आलेलं. इथे स्पॅनिश हवंच, आणि पेन्यात म्हणजे फ्लॅमेंको रसिकांच्या क्लबात गेलात तर गाणं चालू असताना गप्प ऐकायचं, कोणी म्हटल्याशिवाय गिटार बाहेर काढायची नाही. पण परक्याला दार बंद असतं असं अजिबात नाही, 60 च्या दशकात सेव्हिल प्रांतातल्या मोरोन गावी दिएगो देल गास्तोर या गिटारवादकाकडे कितीतरी अमेरिकन मुलं शिकून गेली.

माझं मत, पहिल्यांदा जाताय तर सेव्हिल, बुलेरियाचं वेड लागलं की मग हेरेस. आणि टेक्निक घरी पक्कं करूनच जा, कारण शॉर्ट स्टे व्हिसावर 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस मिळतात, ते बोटं सुटी करण्यात घालवू नका.