माय ताय की हुर्राक?

बेळगावहून जांबोटीमार्गे चोर्ला घाट उतरून गोव्यातील आवडत्या टिकी बारमध्ये (पॅसिफिक बेटांच्या थाटाचा, रमच्या कॉकटेलांचा बार) बसले, की आम्हां मंडळींपुढे निवड असते ती कायम मिळणारी माय ताय ही रमची कॉकटेल आणि ऋतूनुसार बदलणाऱ्या यादीतील हुर्राकचे, म्हणजे काजूच्या बोंडांच्या दारूचे, कॉकटेल यांच्यात.

माय ताय १९४४ साली कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे बारमालक व्हिक्टर बर्जेरॉन यांनी १७ वर्षे मुरलेल्या जमैकन रमपासून बनवली. रम, लिंबाचा रस, संत्र्याच्या सालीचे क्युरासाओ (गोड मद्य) आणि बदामाचे सरबत, हा तिचा पाया आहे. अननसाचा रस मूळ कृतीत नाही, आणि तो ओतून रमची चव झाकणाऱ्या बारवर माझा विश्वास बसत नाही.

हुर्राक मात्र काजूच्या बोंडांच्या आंबवलेल्या रसाच्या पहिल्या ऊर्ध्वपातनातून निघते, साधारण उन्हाळ्यापुरतीच ताजी मिळते आणि फेणीपेक्षा सौम्य असते. तिच्यावर बदामाच्या सरबताचा दाट गोडवा लादला, तर फळाचा वास मरतो. याउलट कोकम, लिंबू, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची यांच्या संगतीत तो उठून येतो. खानापूर-चंदगड पट्ट्यातील माणसाला हा वास लहानपणापासून ओळखीचा असतो, म्हणून एप्रिलमध्ये मी निःसंकोचपणे हुर्राकच निवडतो. पावसाळ्यात ताजी हुर्राक संपल्यावर माय तायच योग्य.

त्याच दिवशी घाट चढून परतायचे असल्यास गाडी चालवणाऱ्याने दोन्ही टाळून कोकम सोडा मागवावा.