नागपुरात लाईट बिल कमी करायचंय: सबसिडीचं सोलर 1, 2 की 3 किलोवॅट, की आधी पंखे बदलायचे?

गच्चीवरच्या सोलरला केंद्राची सबसिडी देणारी पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी 2024 मध्ये आली आणि तेव्हापासून मानेवाडा म्हणा, बेसा म्हणा, जरीपटका म्हणा, जिथे पाहा तिथे गच्चीवर पॅनल लागून राहिलेत. चांगली गोष्ट आहे, लावायलाच पाहिजे, पण विचारलं की किती किलोवॅट घेतलं तर बहुतेकांचं उत्तर एकच, तीन, कारण 78 हजार मिळतात. सबसिडी किती मिळते यावरून साईज ठरवू नका, तुमचं घर कोणत्या महिन्यात किती युनिट खातं यावरून ठरवा, त्यासाठीच हे सगळं लिहितोय.

आधी सबसिडीचा हिशोब. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी 30 हजार, तिसऱ्याला 18 हजार. म्हणजे 1 ला 30, 2 ला 60, 3 ला 78, आणि तिथून पुढे 5 लावा की 8 लावा, 78 च. तिसऱ्या किलोवॅटवर सरकारचा हात आखडता होतो हे लक्षात घ्या. सध्या भारतीय सेलवाल्या पॅनलचं, म्हणजे ज्यातले सोलर सेल भारतातच बनलेत अशा पॅनलचं, 3 किलोवॅट साधारण 1 लाख 80 हजार ते 2 लाखांच्या आसपास पडतं, 2 किलोवॅट सव्वा-दीड लाखाच्या मध्ये, आणि भारतीय सेलवालेच घ्यावे लागतात, नाहीतर सबसिडी नाही. सप्टेंबर 2025 पासून पॅनलवरचा जीएसटी 12 चा 5 टक्के झालाय, तर जुनं कोटेशन हातात असेल तर नवीन मागा. एक किलोवॅट सरासरी दिवसाला 4 युनिट, महिन्याला 120 च्या आसपास बनवतं, पावसाळ्यात कमी, आणि जागा धरा 100 चौरस फूट.

आता ती गोष्ट जी विकणारा सहसा सांगत नाही. नेट मीटरमध्ये, म्हणजे घेतलेली आणि दिलेली वीज दोन्ही मोजणाऱ्या मीटरमध्ये, जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात हे खरं, पण ते 31 मार्चपर्यंतच. आर्थिक वर्ष संपलं की उरलेले युनिट महावितरण कमी दराने विकत घेते आणि एप्रिलमध्ये खातं शून्यापासून सुरू होतं. आता नागपूरचं वर्ष डोळ्यासमोर आणा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पंखासुद्धा बंद, पॅनल मात्र मस्त ऊन खाऊन युनिट जमवून राहिलेत, आणि ज्या एप्रिल-मे मध्ये पारा 45 वर जातो आणि कूलर-एसी दिवसरात्र चालतात, नेमकं त्याच्या तोंडावर ते जमलेलं सगळं निघून जातं. थंडीतली वीज मे महिन्यात वापरू असा हिशोब कोणी मांडून देत असेल तर तो इथे चालत नाही.

म्हणून बिल हातात घ्या. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, तोच बघायचा, या महिन्याची रक्कम नाही. माझ्या मावशीचं उदाहरण देतो, मानेवाड्याला स्वतःचं घर, दोन कूलर, एसी नाही. डिसेंबर-जानेवारीत 85-90 युनिट, मार्चपासून चढत जाऊन मे मध्ये 260, वर्षाचे सगळे मिळून 1,800 च्या जवळपास. तिला 3 किलोवॅटचं कोटेशन दिलं होतं, जे वर्षाला 4,300 च्या आसपास युनिट बनवणार! अर्ध्याहून जास्त वीज कमी दराने विकण्यासाठी लाख-सव्वा लाख खिशातून घालायचे काऊन? 2 किलोवॅटमध्ये तिचा मे महिनासुद्धा निघतो, पण थंडीत अर्ध्यापेक्षा जास्त वाया. 1 किलोवॅटमध्ये थंडी पूर्ण निघते आणि मे मध्ये सव्वाशेच्या आसपास युनिट कमी पडतात.

आणि इथेच पंखे येतात. साधा जुना पंखा 75 वॅटचा, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा 30 च्या आसपास. दिवसाला 15 तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला 20 युनिट, तीन पंख्यांमागे 60. तीन पंखे दहा हजारांच्या आत येतात, सरकारचा एक रुपया त्यावर मिळत नाही, तरीसुद्धा युनिटमागे सुरुवातीचा खर्च बघाल तर सबसिडी धरून सोलरपेक्षा स्वस्त पडतात. वर ते नेमकं उन्हाळ्यात वाचवतात, जेव्हा खात्यात काहीच जमा नसतं. मावशीला मी 1 किलोवॅट आणि तीन पंखे असं सांगितलं, मग मे मध्ये बिलात साठ-पासष्ट युनिटच उरतात, तेही 100 च्या आतल्या स्वस्त दरात. येत्या वर्ष-दोन वर्षांत एसी घ्यायचा असेल तरच तिच्यासाठी 2 ला अर्थ आहे.

एसीवाल्या घराचं गणित वेगळं. थंडीत 150, मे मध्ये 550-600, अशा घराने बिनधास्त 3 घ्यावं. 100 युनिटच्या पुढे दर जवळपास दुप्पट होतो आणि 300 च्या पुढे आणखी वर जातो, तर 3 किलोवॅटचे महिन्याचे साडेतीनशे युनिट तुमच्या बिलातले सगळ्यात महागडे युनिट आधी खातात. पैसे इथेच लवकर वसूल होतात. 4 किंवा 5 घ्यायचं तर वरच्या प्रत्येक किलोवॅटचे पूर्ण पैसे तुमचे, ते वरच्या मजल्यावर भाऊ राहत असेल, दोन एसी असतील, घरीच गाडी चार्ज होत असेल तर बघा.

ज्यांचा वापर 100 युनिटच्या आतच आहे त्यांनी राज्याची स्मार्ट योजना आधी बघावी. 1 किलोवॅटला केंद्राच्या 30 हजारांवर राज्य वेगळे पैसे देतं, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला 17,500, 100 युनिटच्या आतल्या सर्वसाधारण ग्राहकाला 10 हजार, अनुसूचित जाती-जमातीच्या ग्राहकाला 15 हजार. घरात काम करणाऱ्या ताईंना, वॉचमन काकांना, ज्यांचं स्वतःचं घर आणि मीटर आहे त्यांना हे नक्की सांगा, त्यांच्यापर्यंत ही माहिती पोचतच नाही आणि सगळ्यात जास्त फायदा त्यांचाच आहे.

फ्लॅटवाल्यांचं काय? गच्ची सगळ्यांची असते, सोसायटीच्या परवानगीशिवाय एकट्याने पॅनल लावता येत नाही. पण सोसायटी लिफ्ट, पंप, पार्किंगच्या लाईटसाठी कॉमन मीटरवर लावू शकते आणि त्याला किलोवॅटमागे 18 हजार मिळतात. तोवर तुमच्या हातात पंखे आहेत, आणि एसी घ्यायचाच असेल तर फक्त स्टार मोजू नका, लेबलवर वर्षाचे युनिट लिहिलेले असतात 1600 तास धरून, ते दोन मॉडेलचे समोरासमोर ठेवून बघा. वरच्या मजल्यावर राहत असाल तर स्लॅबला पांढरा रिफ्लेक्टिव्ह कोट मारा, दोन-तीन वर्षांनी परत मारावा लागतो, सबसिडी नाही, पण रात्री खोली भट्टी होत नाही. सोलर लावलं तर पॅनलखालच्या स्लॅबला सावली आपोआप मिळते.

काही गोष्टी कोणत्याही साईजला लागू आहेत. लाईन गेली की हे सोलर पण बंद होतं, इन्व्हर्टर-बॅटरीची जागा ते घेत नाही. बिल शून्य युनिटचं आलं तरी स्थिर आकार भरावाच लागतो. उंच स्ट्रक्चर केलं तर खाली वाळवण, झोपणं सगळं चालतं पण खर्च वाढतो आणि मे-जूनच्या वादळात ते टिकलं पाहिजे, म्हणून पाईपची जाडी आणि फाउंडेशन कोटेशनमध्ये लिहून घ्या. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांच्या बाजूला राहत असाल तर राख बसते, धुवायला चढता येईल अशी वाट ठेवायला सांगा.

बिल अजून आजोबांच्या नावावर असेल तर आधी नाव बदलून घ्या, सबसिडी ज्याच्या नावाने अर्ज त्याच्याच बँक खात्यात येते, आणि ती सगळं लागून, मीटर बसून, तपासणी झाल्यावर येते. म्हणजे सुरुवातीला पूर्ण रक्कम तुम्हाला उभी करावी लागते. रोख असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर 3 किलोवॅटपर्यंत 2 लाखांपर्यंतचं कर्ज काही गहाण न ठेवता मिळतं, व्याज सहा-सात टक्क्यांच्या आसपास, आणि सबसिडी आली की ती सरळ कर्जात भरून टाका, मग उरलेल्या सव्वा लाखाचा दहा वर्षांचा हप्ता चौदा-साडेचौदाशेच्या घरात बसतो. एसीवाल्या घराचं उन्हाळ्यात त्याहून जास्त वाचतं, कूलरवाल्या घराचं मात्र थंडीत वाचत नाही, तर त्यांनी कर्ज काढून 3 किलोवॅट घेऊच नये. अर्ज पीएम सूर्यघरच्या राष्ट्रीय पोर्टलवरच करायचा, वेंडर तिथल्याच यादीतला, आणि जमलं तर थंडीतच, म्हणजे एप्रिल लागायच्या आत मीटर बसलेलं असेल.