‘लावून बघा, नाही चाललं तर परत’ म्हणणाऱ्याचा माल

बेंच पॉवर सप्लायचे (कामाच्या टेबलावर हवं ते डीसी व्होल्टेज देणाऱ्या यंत्राचे) पार्ट ऑनलाइन मागवणाऱ्यांसाठी हे लिहितोय. माझ्या गळ्यात डुप्लिकेट ट्रान्झिस्टर मारले गेले. त्याहून चीड आणणारी गोष्ट म्हणजे ते परत करता येऊ नयेत याची तजवीज विक्रेत्याने विकतानाच करून ठेवली होती. डुप्लिकेट पार्ट निघणं आता नवीन राहिलेलं नाही. फसवण्याची ही रीत मात्र समजून घ्या, कारण ती जवळपास कुठल्याही पार्टला चालते.

सप्लाय जुना, लिनियर, ० ते ३० व्होल्ट, ५ अँपिअर. बिघाड सरळ होता. नॉब कुठेही फिरवा, आउटपुटला चाळीसच्या आसपास व्होल्ट. म्हणजे रेग्युलेशन संपलं, फिल्टर कपॅसिटरवरचा कच्चा डीसी जसाच्या तसा बाहेर येतोय. हीटसिंकवर समांतर जोडलेले दोन २एन३०५५ पॉवर ट्रान्झिस्टर होते. आउटपुटचा करंट यांच्यातूनच जातो, म्हणून यांना पास ट्रान्झिस्टर म्हणतात. बेस, कलेक्टर, एमिटर ही त्यांची तीन टोकं. त्यांतला एक कलेक्टर ते एमिटर शॉर्ट. असा एक गेला की जोडी बदलायची, शक्यतो एकाच लॉटची. एमिटरला ०.१ ओहमचे रेझिस्टर असले तरी दोघांचे गुण फार वेगळे असतील तर करंट नीट वाटला जात नाही. फिल्टर कपॅसिटरही माथ्यावर फुगलेला दिसला, म्हणून ट्रान्झिस्टरच्याच ऑर्डरमध्ये ४७०० मायक्रोफॅरड, ६३ व्होल्टचा कपॅसिटरही टाकला. ट्रान्झिस्टर दोनऐवजी चार मागवले, सुटे असलेले बरे म्हणून.

पार्सल उघडलं तेव्हाच कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटलं. चारही ट्रान्झिस्टरवर एकच छापील कोड, म्हणजे कागदोपत्री एकाच आठवड्यात बनलेले. पण उलटे करून शेजारी ठेवले तर दोघांच्या पायांभोवतीची काच हिरवट, उरलेल्या दोघांची काळपट. स्क्रूच्या भोकांच्या कडाही वेगळ्या. एका लॉटमध्ये असं होत नाही. शिवाय वर छाप आरसीए या अमेरिकी कंपनीचा आणि कोडवरून साल निघत होतं २००४. २एन३०५५ मुळात आरसीएनेच १९६० च्या दशकात बाजारात आणला हे खरं, पण आरसीए १९८६ मध्ये जनरल इलेक्ट्रिककडे गेली आणि तिचा सेमीकंडक्टर विभाग १९८८ मध्ये हॅरिस कंपनीला विकला गेला. २००४ साली आरसीएचा शिक्का कोण मारत बसलं होतं?

हे सगळं फोटोंसकट विक्रेत्याला कळवलं. उत्तर लगेच आलं, भाषा एकदम गोड. “सर, जुना स्टॉक आहे, शंभर टक्के ओरिजिनल. लावून बघा, नाही चाललं तर परत.”

ही ओळ लक्षात ठेवा, सगळी मेख तिच्यात आहे.

मल्टिमीटरवर चारही उत्तम. बेस-एमिटर आणि बेस-कलेक्टर डायोडसारखे दाखवतात, कलेक्टर-एमिटर दोन्ही बाजूंनी ओपन. स्वस्तातला कॉम्पोनंट टेस्टर एनपीएन (२एन३०५५ चा प्रकार तोच) म्हणतो, गेनही (करंट किती पटीने वाढतो तो आकडा) बरा दाखवतो. पण ही साधनं काही मिलिअँपिअरवर मोजतात. तेवढ्यावर कुठलाही लहानसा एनपीएन ट्रान्झिस्टर पास होतो. १५ अँपिअरचा पार्ट ५ मिलिअँपिअरवर तपासून त्याच्याबद्दल काहीच कळत नाही, आणि डुप्लिकेट बनवणाऱ्याला हे आपल्याहून चांगलं ठाऊक असतं.

मग अभ्रकाचे वॉशर, पेस्ट, सगळं नीट लावून दोन बसवले आणि वायरी सोल्डर केल्या. कपॅसिटरच्या आवरणाची कड उचललेली होती, म्हणून तो बाजूला ठेवून माझ्याकडचा चांगला लावला. काहीही मौल्यवान न जोडता गाडीच्या हेडलाइटचा १२ व्होल्ट ५५ वॉटचा बल्ब लोड म्हणून घेतला, पंखा सुरू केला आणि व्होल्टेज शून्यापासून चढवत बारावर आणलं. करंट साडेचारच्या आसपास. मीटर स्थिर, मी घड्याळाकडे बघतोय. थोड्याच वेळात बल्ब पिवळ्याचा पांढरा झाला, पापणी लवायच्या आत डोळे दिपवणारा झगझगाट आणि फट्. मीटरवर पुन्हा चाळीस व्होल्ट. दोन्ही पास ट्रान्झिस्टर शॉर्ट.

त्या जागी दुरुस्तीला आलेलं कोणाचं यंत्र असतं तर ते गेलं असतं. पास ट्रान्झिस्टर मरताना बहुधा शॉर्ट होऊनच मरतो आणि कच्चं व्होल्टेज पुढे ढकलतो. म्हणून हा डुप्लिकेट पार्ट नुसता न चालणाऱ्या पार्टपेक्षा धोकादायक.

माझ्याकडून लोड जास्त झाला का, हे कागदावर पाहू. कच्चे ४०, बाहेर १२, म्हणजे ट्रान्झिस्टरवर २८ व्होल्ट. साडेचार अँपिअरला एकूण १२६ वॉट, प्रत्येकी ६३. डेटाशीट (उत्पादकाचं माहितीपत्रक) म्हणते केस २५ अंशांवर असताना ११५ वॉट, जंक्शनची (आतल्या चिपची) मर्यादा २०० अंश, आणि जंक्शन ते केस दर वॉटला सुमारे दीड अंश. म्हणजे ६३ वॉटला चिप केसपेक्षा साधारण ९५ अंशांनी गरम. केस ७० अंशांवर गेली तरी १६५. अस्सल तुकडा यात जात नाही. आणि हा हिशेब आतली चिप तेवढी मोठी आहे या भरवशावर आहे.

ती तेवढी नव्हती. मेलेल्या दोघांपैकी एकाची टोपी कडेने करवतीने कापून उचलली. आत भलीमोठी धातूची बैठक, आणि मधोमध काडीच्या गुलाएवढी चिप, तिला केसासारख्या दोन तारा. तुलनेला सप्लायमधून निघालेला जुना, शॉर्ट झालेला ट्रान्झिस्टरही उघडला. त्याची चिप बाजूने दुपटीहून मोठी, तारांच्या जागी जाड क्लिपा. लहान चिपमधून उष्णता बाहेर पडायला जागाच नाही, मग वर हीटसिंक कितीही मोठा लावा. (टोप्या कापायचा छंद सरसकट लावून घेऊ नका. काही आरएफ (रेडिओ लहरींसाठीच्या) पॉवर ट्रान्झिस्टरमध्ये बेरिलियम ऑक्साइड असतं आणि त्याची धूळ फुप्फुसांना विषारी असते. २एन३०५५ ची गोष्ट वेगळी.)

विक्रेत्याला फोटो पाठवले. आता भाषा बदलली. आधी “तुमच्या सर्किटमध्ये फॉल्ट आहे, ड्रायव्हर तपासा.” ड्रायव्हर, म्हणजे पास ट्रान्झिस्टरच्या बेसला करंट देणारा भाग, तपासलेला होता, तेही कळवलं. मग “दोनच दिवे लावले का, लोड किती होता?” एकच होता, त्याचे आकडे दिले. शेवटी खरं उत्तर आलं: “सोल्डर लागलेला आणि कापलेला पार्ट परत घेतला जात नाही, पॉलिसी बघा.” पॉलिसीत ते खरोखरच होतं, अगदी तळाला. लावल्याशिवाय खोट कळत नाही, आणि लावला की परत नाही. ‘लावून बघा’ हा सल्ला नसून सापळा असतो तो असा. वर चोराच्या उलट्या बोंबा, मीच रेटिंग खराब करण्याची धमकी देतोय असं त्याने मलाच सुनावलं.

त्या विक्रेत्याखालच्या प्रतिक्रिया मग बारकाईने वाचल्या. ‘वेळेत मिळाला’, ‘पॅकिंग छान’, ‘मल्टिमीटरवर ओके’. लोड दिल्याचं एकानेही लिहिलेलं नाही. पाच तारे कुरिअरला मिळालेत म्हणायचे.

तोवर कपॅसिटरचं आवरण ब्लेडने चिरून पाहिलं. वर ४७०० मायक्रोफॅरड ६३ व्होल्ट, खाली दुसरं आवरण: ४७०० मायक्रोफॅरड ३५ व्होल्ट. वरून कीर्तन, आतून तमाशा. कपॅसिटन्स मीटरवर हा बिनचूक उतरला असता, कारण मायक्रोफॅरड खरेच होते. खोटा होता तो व्होल्टेजचा आकडा, आणि मीटर तो विचारतच नाही. माझ्या सप्लायमध्ये त्याच्यावर रोज चाळीस व्होल्ट आले असते.

आता उरले होते सोल्डरचा थेंबही न लागलेले दोन ट्रान्झिस्टर. इथे मात्र त्याची पॉलिसी लंगडी पडत होती. तपासणी अशी केली, आणि तुम्हीही माल हातात पडल्या दिवशी करा. १२ व्होल्टची बॅटरी, तिच्या पॉझिटिव्हला आधी फ्यूज. तिथून हेडलाइटच्या बल्बमधून कलेक्टरला, एमिटर निगेटिव्हला. बेसला पॉझिटिव्हपासून २७ ओहमचा १० वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर, म्हणजे बेस करंट ०.४ अँपिअर. सगळी जोडणी क्लिपांनी, टीओ-३ ची (२एन३०५५ च्या धातूच्या आवरणाचं हे नाव) केस हाच कलेक्टर. मग कलेक्टर-एमिटरमधलं व्होल्टेज मोजायचं. डेटाशीटप्रमाणे ४ अँपिअरला ते १.१ व्होल्टच्या वर जाता कामा नये. जुन्या जोडीतला शाबूत राहिलेला ट्रान्झिस्टर अर्ध्या व्होल्टच्या आसपास दाखवत होता, हाताला कोमट. नवे दोन्ही दोन व्होल्टच्या वर, बल्ब मंद, आणि बोट ठेवता येणार नाही अशी केस. अस्सल तुकडा या चाचणीत जेमतेम दोन-तीन वॉट खातो, त्यामुळे त्याला काही इजा होत नाही आणि पायांवर खूणही राहत नाही.

याचा सलग व्हिडिओ केला. आधी शाबूत जुना, मग त्याच क्लिपांवर नवा, पाय जवळून दाखवून, मध्ये कट नाही. सोबत डेटाशीटचं ते एक पान आणि विक्रेत्याची ‘लावून बघा’वाली ओळ. हे विक्रेत्याला न पाठवता खरेदीच्या प्लॅटफॉर्मकडे, परताव्याची मुदत संपायच्या आत पाठवलं. त्या दोन तुकड्यांचे पैसे परत आले. जळालेल्या दोघांचे आणि कपॅसिटरचे बुडाले, कारण ते लावलेले किंवा कापलेले. म्हणून संशय आला तर सगळेच तुकडे वापरून मोकळे होऊ नका, निदान एक कोरा ठेवा. दावा त्याच्यावरच टिकतो.

अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवून छपाई निघाली की डुप्लिकेट, असं सर्रास सांगितलं जातं. प्लास्टिकच्या आयसींवर घासून पुन्हा काळा लेप दिलेला असेल तर त्याने कळतं. धातूच्या टोपीवर अस्सल कंपन्यांचीही शाई असायची आणि ती निघायचीही, तेव्हा ही परीक्षा इथे निरुपयोगी. वजनाचंही तसंच. अस्सल टीओ-३ वेगवेगळ्या धातूंच्या बैठकीवर बनलेले आहेत, नुसतं हातात हलकं लागलं म्हणून भांडायला जाऊ नका. कपॅसिटरसाठी दहा किलोओहममधून छापील व्होल्टेज द्या आणि गळती (आतून झिरपणारा करंट) बघा. चांगल्याची काही मिनिटांत उतरत जाते. आवरण बदललेल्याची वरच अडून राहते किंवा चढू लागते, तेव्हा लगेच बंद करा. चेहरा दूर ठेवा, डोळ्यांवर चष्मा हवाच.

नवी जोडी नंतर उत्पादकाच्या अधिकृत वितरकाकडून घेतली. महाग पडली, वाट बघावी लागली, पण त्याच बल्बवर सप्लाय तासभर चालला. आउटपुटला क्रोबारही घातला: ठरलेल्या व्होल्टेजच्या वर गेलं की झेनरमार्फत (ठरावीक व्होल्टेजला वाहू लागणारा डायोड) एससीआर (एकदा सुरू झाला की सुरूच राहणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) पेटतो, आउटपुट शॉर्ट करतो आणि कच्च्या डीसीवरचा फ्यूज उडतो. माझा सप्लाय बहुतेक वेळ बारावर असतो, म्हणून १५ व्होल्टला क्रोबार आणि वरच्या व्होल्टेजसाठी तो बाजूला करणारा स्विच, अशी सोय केली. एससीआर मात्र आधी त्याच बॅटरी-बल्बवर तपासून मगच सोल्डर केला.