ज्युनिपर घेताना आधी मुळं बघा, आमचे १५ हजार गेले

कोल्हापूरजवळ कळंब्याला घर बांधलं तेव्हापासून आईची हौस, गेटपासून पायरीपर्यंत दोन्ही बाजूला ज्युनिपरची हिरवीगार रांग पाहिजे. दिवाळीनंतर कॉलनीत एक टेम्पोवाला आला, लँडस्केपिंग करतो म्हणाला, अडीच-तीन फुटी झाडं होती, बघूनच आई खूश. ५५० ला एक, २४ झाडांचे १३,२०० आणि खड्डे-लावणीचे १,८०० असे रोख मोजले. "मावशी, एक महिन्याची गॅरंटी, एक जरी वाळलं तरी बदलून देतो" म्हणून गेला.

महिनाभर सगळी हिरवी. आई रोज सकाळी उठून पाणी घालायची. मग टोकं फिकी पडली, नंतर तांबूस, आणि संक्रांतीपर्यंत बहुतेक रांग गंजल्यासारखी दिसायला लागली. फोन केला तर म्हणे थंडीनं होतंय, वाळलेलं कापा, खालून फुटतंय. कापलं, काय फुटलं नाही, आणि आता तर फोनच लागत नाही.

भाचा ॲग्रीला शिकतोय, त्यानं एक झाड धरून ओढलं तर मुळा उपटावा तसं वर आलं. खाली गोणपाटात तांबड्या मातीचा गोळा, तो बादलीत धुतला तर आत अंगठ्याएवढी तीन खुंटं, कुऱ्हाडीनं तोडलेली, बारीक मूळ म्हणून एक नाही!! तो म्हणाला मामा, ज्युनिपरचं मूळ मेलं तरी पाला कित्येक आठवडे हिरवाच दिसतो, जास्वंद असती तर चार दिवसात मान टाकली असती. म्हणजे गॅरंटी एक महिन्याचीच का दिली ते बघा. आणि ज्युनिपर जुन्या, पाला नसलेल्या लाकडातनं परत फुटतच नाही, म्हणजे ते कापायला सांगणंही खोटंच. आईच्या तोंडाकडं बघवत नव्हतं.

वर २४ मधली ७ ज्युनिपर नव्हतीच, साधी मोरपंखी. तिचा पाला पंख्यासारखा चपटा आणि उभा असतो, ज्युनिपरची डहाळी हाताला गोल लागते. तीच ७ तेवढी जगली.

त्यामुळं घेताना खोडावर नखानं जरा खरवडा, आत हिरवं ओलं दिसलं पाहिजे, पण नुसतं त्यावर जाऊ नका कारण ताज्या तोडलेल्या झाडालाही ते दिसतं. पिशवीतनं काढायला लावा, पिशवीतच वाढवलेलं असेल तर बारीक मुळं माती धरून ठेवतात. दिवसभर ऊन पाहिजे, आणि आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी साचून मुळं कुजतात म्हणून उंचवटा करूनच लावा.

गेल्या रविवारी रंकाळ्याजवळ तसाच एक टेम्पो उभा होता, माणूस दुसरा, गोणपाट तेच. एक वहिनी भाव करत होत्या. मी म्हणलं एका झाडाचं गोणपाट सोडून दाखवा, तर म्हणतो गड्डा फुटतोय साहेब. वहिनींनी पर्स बंद केली.