विंग, लिप की कंपनीतून आली तशीच गाडी?

"काका, विंग घेतलोय, स्टँड तेवढे करून द्या." परवा टिळकवाडीचा एक पोरगा बेळगावातल्या उद्यमबागेतल्या आमच्या वर्कशॉपवर जुनी दोन दारांची स्पोर्ट्स कार घेऊन आला. विंग म्हणजे डिकीच्या वर उंच बसवतात तो आडवा पंख आणि स्टँड म्हणजे त्याला धरणारे ब्रॅकेट. स्टँड करण्याआधी त्याला बसवून जे सांगितलं, तेच इथं लिहितोय.

विंग काम करते, यात शंका नाही. विमानाचा पंख उलटा बसवावा तशी ती असते. वरून जाणारी हवा ती वर वळवते आणि त्या बदल्यात मागची चाकं रस्त्यावर दाबली जातात. पण हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट. साडेचार फूट लांब आणि दहा इंच रुंद विंग धरली, तर माझ्या हिशेबानं ताशी ६० किलोमीटरला पाचेक किलो, १२० ला वीसएक आणि १८० ला चाळीसच्या थोडा वर दाब मिळेल. म्हणजे काँग्रेस रोडसारख्या शहरातल्या रस्त्यावर मिळणारा दाब जेमतेम विंगच्या स्वतःच्या वजनाइतका, आणि १८० हा आकडा आपल्या रस्त्यांचा नव्हेच. वंटमुरी घाटात किंवा चोर्ल्याच्या वळणांवर गाडी धरून ठेवतात ते टायर आणि सस्पेन्शन. तेच पैसे चांगल्या टायरवर घातले तर फरक पहिल्याच पावसात कळेल.

दुसरं, विंग मागच्या चाकांच्याही मागे असते. ती मागची बाजू दाबते तेव्हा पुढची बाजू थोडी उचलली जाते. वेगात स्टिअरिंग हलकं लागतं आणि वळणावर नाक बाहेर जातं. म्हणून रेसच्या गाडीला पुढं स्प्लिटरही असतो, म्हणजे पुढची बाजू दाबणारी बंपरखालची आडवी पट्टी. एकटी विंग म्हणजे अर्धंच काम. शिवाय हवेचा अडथळा कोल्हापूरपर्यंत जाता-येता पेट्रोल खातो, तो वेगळा.

लिपचं गणित निराळं आहे. डिकीच्या कडेची ती छोटी पट्टी गाडीला फारशी दाबत नाही, पण उताराच्या छतावरून येणारी हवा मागचा भाग वर उचलते, ते कमी करते. पहिल्या ऑडी टीटीचे जर्मनीत भर वेगात अपघात झाले, तेव्हा कंपनीनं गाड्या परत बोलावून मागे छोटा स्पॉयलर बसवला, सस्पेन्शन बदललं आणि ईएसपी, म्हणजे घसरती गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा, दिली. लिपला मी शोभेची वस्तू म्हणत नाही ते यामुळंच. चिकटपट्टीवर बसते, भोक पाडावं लागत नाही.

भोकांचा अनुभव माझा स्वतःचा आहे. माझ्या आधीच्या गाडीला एका दुकानात विंग बसवून घेतली होती. डिकीच्या पातळ पत्र्याला चार भोकं पाडली, कडेला प्रायमर लावला नाही, आतून आधाराची पट्टी दिली नाही. आपला पाऊस काय असतो, सांगायला नको. ऑगस्टमध्ये डिकीतली मॅट उचलली तर स्टेपनीच्या खड्ड्यात चार बोटं पाणी आणि बोल्टभोवती तांबडा गंज. पत्रा बशीसारखा खचला होता. डिकी उघडी धरणारे गॅसचे दांडेही वाढलेलं वजन पेलेनात. सामान काढताना झाकण खांद्यावर आलं.

आधार कच्चा असेल तर काय होतं, हे १९६९ साली बार्सिलोनाच्या माँजुइक ट्रॅकवर जगानं पाहिलं. फॉर्म्युला वनच्या त्या शर्यतीत लोटस संघाच्या दोन्ही गाड्यांच्या उंच विंग मोडल्या आणि दोन्ही गाड्या आदळल्या. पुढच्याच मोनॅकोच्या शर्यतीत उंच विंगवर बंदी आली.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीत नोंदलेल्या, कंपनीनं ठरवून दिलेल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलाला प्रत्येकी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. लिप डोळ्यात भरत नाही. उंच विंग कोगनोळी नाक्यावर लांबूनच दिसते. काहीही बसवा, आधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

माझं मत स्पष्ट आहे. बेळगाव-निपाणी-गोवा एवढंच फिरणं असेल तर गाडी आहे तशी ठेवा. रूप हवंच असेल तर गाडीच्या रंगात लिप लावा. ट्रॅकवर खरोखर जाणार असाल तरच विंग, तीही पुढच्या स्प्लिटरसकट.

पोरानं ऐकलं. विंग घरी ठेवून तो लिप बघायला गेला. ब्रॅकेटचं माप माझ्या वहीत आहे. कोइंबतूरच्या करी ट्रॅकवर जायचं पक्कं झालं की स्टँड करून देईन, पण डिकीवर नव्हे. खाली चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला धरून.